दोर मी सोडला

“वायंगणकर, माझा आवाज गेलाय की तुमचा कान?”

शैला काचेपलीकडून विचारत होती. पाचवा टेक झाला होता. मी बोलायचं बटण दाबलं.

“आवाज ठीक आहे, शैलाबाई. अजून एक घेऊ. या वेळी दोन तुकड्यांत.”

“तुकडे कशाला?”

“ओळ मोठी आहे.”

“ओळ मोठी आहे हे मलाही दिसतंय. पोरगं धावतंय आणि धावता धावता ओरडतंय. ते काय मध्ये थांबून म्हणणार, थांबा हं, पुढचा तुकडा घेतो?”

शैला माझी बायको. पण स्टुडिओत ती मला वायंगणकर म्हणायची आणि मी तिला शैलाबाई. हा नियम तिचाच. माइकमध्ये ‘अहो’ गेलं तर लोक म्हणतील, नवरा रेकॉर्डिस्ट आहे म्हणून हिला काम मिळालं. एकोणीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता. घरून एकाच रिक्षातून यायचो, दारात उतरलो की वायंगणकर.

काम होतं एका जपानी कार्टून मालिकेचं. त्यातल्या मुलाचं नाव गेन्ता. मराठीत त्याचा गेंदू झाला. होडी चालवणाऱ्या आजोबांजवळ राहणारा दहा वर्षांचा मुलगा, दिवसाला तीन खोड्या करणारा. शैलाने त्याला आवाज द्यायला सुरुवात केली तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. त्याआधी तिने नाटकांत कामं केली होती, सगळी शेजारणीची आणि मोलकरणीची. ती म्हणायची, “चाळिशीत मला मुख्य भूमिका मिळाली, तीही चड्डीतली.”

त्या दिवशी ती एकोणसाठ वर्षांची होती. गेंदू अजून दहाच वर्षांचा होता. आणि त्याचा पहिला मोठा सिनेमा मराठीत येणार होता.

सकाळी वाहिनीच्या ऋतुजा सबनीस यांचा फोन आला होता. नवीन आल्या होत्या, तिशीच्या आतल्या. म्हणाल्या, “काका, धक्क्यावरचा सीन ताईंकडून करून ठेवा. मी चार वाजता येते आणि फाइल घेऊन जाते. एक सांगायचं होतं. फाइलला हात लावू नका. सिनेमासाठी प्रत्येक भाषेतला आवाज जपानमध्ये ऐकणार आहेत. त्यांना जसा असेल तसा हवाय. काही साफ करायचं नाही.”

“साफ न करता कसं देणार? खोलीची घरघर असते, कपड्यांचा आवाज असतो.”

“असू दे. आणि काका, ताईंना आत्ता बोलू नका, पण आम्ही अजून एक मुलगी ऐकून ठेवली आहे. सिनेमा तिने केला तर मालिकाही तीच करेल. माझं मत ताईंनाच आहे. चौथीत असताना मी गेंदूसारखी शीळ घालून मार खाल्लाय. पण माझ्या एकटीच्या हातात नाही ना.”

मी हो म्हणालो.  गेले सहा महिने प्रत्येक भाग पाठवण्याआधी मी एक काम करत होतो. शैलाला ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आणि आज ते करायचं नाही असं सबनीसबाई सांगत होत्या.

म्हणून दोनपासून मी निरनिराळे उपाय करत होतो. आधी तिला बसून बोलायला सांगितलं. ती म्हणाली, गेंदू कधी बसलाय का? मग माइक एक वीत लांब केला. तिने स्वतःच पुन्हा जवळ ओढला. मग तुकड्यांचं काढलं.

“एकसंध घ्या,” शैला म्हणाली. “सिनेमातला हाच सीन आहे. बाकी सगळी धावपळ आणि पडापड.”

सीन असा होता. धुकं पडलंय. आजोबा होडी घेऊन समुद्रात चाललेत. आदल्या दिवशी ती धक्क्यापासून वाहून गेली होती, मग कशीबशी सापडली. त्यांना वाटतंय, आपणच दोर नीट बांधला नव्हता, आता आपलं वय झालं. ते शेवटची फेरी मारून काम सोडणार आहेत. आणि गेंदू धक्क्यावरून धावत ओरडतो, “आजोबा, दोर सुटला नव्हता! मी सोडला होता! मी खोटं बोललो! परत या!”

“सहावा टेक,” मी म्हणालो आणि सुरू केलं.

पडद्यावर गेंदू धावायला लागला. शैला पायांच्या चवड्यांवर उभी राहिली. असं ती नेहमीच करायची, त्याने तिचा आवाज वर जायचा. सगळी ओळ तिने एका दमात म्हटली. शेवटचं ‘परत या’ बारीक आलं, पण आलं. मग ती माइककडे पाठ करून जरा वाकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

“झालं ना?” तिने न वळताच विचारलं.

“झालं.”

“मग चहा सांगा.”

घड्याळात सव्वातीन वाजले होते. चहा आला. तिचा कप बूथमध्ये गेला. काम चालू असताना ती काचेच्या अलीकडे कधी येत नसे, हा तिचा दुसरा नियम. स्वतःचा टेकही ती कधी ऐकायची नाही. म्हणायची, “मी मला ऐकलं की शैला ऐकू येते. मग गेंदू तोंडात येत नाही.” एकोणीस वर्षांत तिने स्वतःला ऐकलं ते घरी टीव्हीवर, सगळं झाल्यावर.

मी माउस हातात घेतला. हात लावू नका असं सबनीसबाईंनी बजावलं होतं. पण त्यांना काय कळणार होतं? मी सफाईने काम करणारा माणूस आहे. माझा सांधा कुणाला सापडला नाही.

इथे फुमीबाईंबद्दल सांगायला हवं. जपानीत गेंदूला आवाज देणाऱ्या बाईंचं नाव फुमिए होरिउची. त्यांनी सत्ताविसाव्या वर्षी हे काम घेतलं आणि आता त्या अडुसष्टच्या होत्या. एक्केचाळीस वर्षं एकच मुलगा. शैला त्यांना फुमीबाई म्हणायची. दोघींची कधी भेट नाही, पत्र नाही. शैलाला जपानी येत नव्हतं. पण डबिंग करताना कलाकाराच्या डाव्या कानात मूळ आवाज चालू असतो. त्यामुळे फुमीबाई रोज चार तास शैलाच्या डाव्या कानात असायच्या. जेवताना ती मला त्यांच्या बातम्या द्यायची.

“फुमीबाईंनी कवळी बसवली.”

“कशावरून?”

“शीळ बदलली.”

एका वर्षी म्हणाली, “त्यांच्या घरात कुणीतरी गेलं. हसू नुसतं घशातून येतंय.” मी तिची चेष्टा केली. पुढे वाहिनीवरच्या कुणीतरी सांगितलं की त्याच सुमारास त्यांचे यजमान गेले होते.

आपल्याकडे मालिकेचे भाग यायला दोन वर्षं लागायची. त्यामुळे फुमीबाईंचं सगळंच आम्हाला उशिरा कळायचं. तीन वर्षांपूर्वी एक भाग करता करता शैलाने हेडफोन काढून ठेवला होता.

“वायंगणकर, फुमीबाईंना बरं नाही. श्वास वर जातच नाही, अर्ध्यावर तुटतोय. टोकाला कागद चुरगळल्यासारखं वाजतंय.”

मी ऐकलं. तसंच होतं.

“त्यांच्या काचेपलीकडेही कुणी बसला असेलच ना?” ती म्हणाली. “त्याला ऐकू येत नसेल?”

त्यानंतरचे चौदा भाग जपानीत दुसऱ्याच कुणाच्या आवाजात आले. शैलाने ते केले, पण कुरकुरत. मग फुमीबाई परत आल्या. ओळीच्या मध्ये आता एक दम घ्यायच्या, पण तो स्वच्छ होता. वाहिनीकडून कळलं, फुप्फुसाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या रेकॉर्डिस्टनेच काम थांबवून त्यांना डॉक्टरकडे पाठवलं होतं. त्या दिवशी शैलाने शिरा केला. म्हणाली, “त्या माणसाला माझा नमस्कार कळवा कुणीतरी.”

तर मी माउस हातात घेतला आणि सहावा टेक उघडला. पहिला भाग कापला. दुसरा कापला. कापलेलं मी पुसत नाही, कधीच पुसलेलं नाही. सगळं खालच्या ट्रॅकवर उतरवतो आणि तो ट्रॅक बंद करून ठेवतो. जुनी सवय आहे. चौथ्यावर होतो तेव्हा मागे दार वाजलं.

मला वाटलं सबनीसबाई. वळलो तर शैला. हातात चहाचा कप तसाच होता, वर साय धरलेली.

“तुमचा हात हलताना दिसला काचेतून,” ती म्हणाली. “काय कापताय?”

“काही नाही. खोलीची घरघर.”

“हात लावायचा नाही असं ठरलंय ना? सकाळी तुम्हीच रिक्षात सांगितलंत.”

“थोडंसंच आहे.”

“थोडं असो नाहीतर जास्त.” तिने कप कन्सोलवर ठेवला. तिथे कप ठेवायला मी कुणालाच देत नाही. “मला टेकू लागतो असं वाटतं तुम्हाला? त्यांनी दुसरी मुलगी बघून ठेवली आहे, हे मला कळत नाही? मी काय खुळी आहे? तिला देतील तर देतील. पण मला दिलं तर ते माझ्या आवाजावर देतील, तुमच्या कात्रीवर नाही.”

“शैला, तू जा आत. येतीलच त्या.”

मी तिला स्टुडिओत नावाने हाक मारली. आम्हा दोघांनाही ते कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची ओढली.

“लावा. ऐकते मी.”

“तू कधी ऐकत नाहीस.”

“आज ऐकते.”

मी तिला हेडफोन दिला आणि साफ केलेला भाग लावला. गेंदू ओरडला. तिने मान डोलावली.

“बरं आहे की. मग कापलंत काय?” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “हा खालचा कसला?”

“बंद आहे तो.”

“बंद आहे हे दिसतंय. आहे काय त्यात?”

“श्वास आहेत.”

“लावा.”

त्या वेळी मी काहीही करू शकलो असतो. मशीन अडकलं म्हणू शकलो असतो. लाइट घालवू शकलो असतो. मुख्य बटण माझ्या पायाशीच होतं. पण तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून दीड हातावर होता. मी वरचा ट्रॅक बंद केला आणि खालचा सुरू केला.

त्यात शब्द नव्हते. सहाव्या टेकमधले, ओळीच्या आधीचे आणि नंतरचे श्वास एकापाठोपाठ एक होते. तिने डोळे मिटून ऐकले. ऐकताना तिच्या कपाळावर आठी आली.

“हे फुमीबाईंचे ना?” ती म्हणाली. “हे कशाला काढून ठेवलेत?”

तिने हेडफोन कानावर घट्ट धरला.

“तसंच वाजतंय बघा, टोकाला, कागदासारखं. अहो, म्हणजे त्यांचं परत उलटलं की काय? या सिनेमातलं आहे का हे? मला तर कानात इतकं नाही जाणवलं.” ती खरोखर घाबरली होती. “कळवायला हवं कुणाला तरी. सबनीसबाईंना सांगू या, येतायत त्या.”

“शैला.”

“काय?”

“ते फुमीबाईंचे नाहीत. तुझे आहेत.”

तिने हेडफोन काढला नाही. फक्त डोळे उघडले. ट्रॅक चालूच होता, मी थांबवायला विसरलो होतो. तिने स्वतःच हात पुढे करून तो थांबवला. मग तिने छातीवर हात ठेवला आणि मोठा श्वास घेऊन पाहिला. मला तो हेडफोनशिवायही ऐकू आला.

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

तिने बोटांवर महिने मोजले. मार्च चालू होता.

“दिवाळीत मी तुम्हाला जिन्यात विचारलं होतं. दुसऱ्या मजल्यावर थांबले होते मी, पिशव्या खाली ठेवून. म्हटलं होतं, तुम्हाला माझ्यात काही वेगळं ऐकू येतं का?”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, वय.”

“हो.”

“मी म्हटलं होतं, डॉक्टरकडे जाऊ का? तुम्ही म्हणालात, कशाला. आणि मी गेले नाही. कारण तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणजे नसणारच.”

मी म्हणालो, “काम गेलं असतं तुझं.”

 मला वाटलं, आणखी काहीतरी सांगावं. सांगण्यासारखं एकच होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी ते कापलं आणि पुन्हा लावून पाहिलं, तर नव्हतं. सगळं पूर्वीसारखं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापलं. असं करता करता सहा महिने गेले. पण हे मी तिला त्या खोलीत सांगितलं नाही. नंतरही कधी सांगितलं नाही.

दार उघडून सबनीसबाई आत आल्या. खांद्याला लॅपटॉप, कपाळावर घाम.

“बापरे, काय ट्रॅफिक! ताई, तुम्ही इकडे? काचेच्या अलीकडे? आज सूर्य कुठून उगवला?” मग आमचे चेहरे बघून त्या थांबल्या. “काय झालं? फाइल उडाली का?”

शैला उठली. मला वाटलं, ही आता सगळं सांगणार. माझं नाव घेऊन सांगणार, आणि तो तिचा हक्क होता.

“फाइल आहे,” ती म्हणाली. “पण मला पसंत नाही. तुमच्यासमोर एक टेक देते. जो येईल तो न्या.”

“चालेल की.”

शैला बूथमध्ये गेली. हेडफोन घातला, माइक जवळ घेतला. मी सगळी बटणं नेहमीच्या जागी आणली. सबनीसबाई माझ्या मागे सोफ्यावर बसल्या. मोठे स्पीकर चालू होते. आता काही लपणार नव्हतं.

शैलाने काचेतून माझ्याकडे पाहिलं.

“अहो,” ती माइकमध्ये म्हणाली. “घ्या.”

मागे सबनीसबाई हलकेच हसल्या. मी टेक सुरू केला. आकडा सांगायलाही मला जमलं नाही.

गेंदू धावायला लागला. या वेळी शैला चवड्यांवर उभी राहिली नाही, पाय टेकूनच उभी होती. “आजोबा, दोर सुटला नव्हता!” म्हणाली आणि थांबली. फुमीबाई जिथे थांबायच्या तिथेच. तिने श्वास घेतला. तो अर्ध्यावर तुटला, टोकाला चुरगळला, सगळा खोलीभर ऐकू आला. मग, “मी सोडला होता! मी खोटं बोललो!” पुन्हा तसाच एक श्वास. आणि मग ‘परत या’, जवळजवळ आवाजाशिवाय.

पडद्यावर धुकं राहिलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

 मी वळून पाहिलं तर सबनीसबाई रुमाल शोधत होत्या.

“ताई, हाच,” त्या बटणाकडे वाकून म्हणाल्या. “दुसरं कुणी ऐकायची गरजच नाही. जपानला मी सांगते.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि काका, तो मधला दम आहे ना, तो कापू नका हं. सगळं त्याच्यातच आहे.”

काचेपलीकडे शैला स्टुलावर बसली होती. सहा टेकमध्ये बस म्हटलं तर बसली नव्हती.

परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, “उद्या सकाळी जाऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, मोठा श्वास घ्या म्हणाले, दुसरीकडे ठेवला, पुन्हा घ्या म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी आली. आदल्या दिवशी शैलाच्या कपाळावर पाहिली होती, तशीच.

ते टेबलाशी येऊन बसले. कागद पुढे ओढला.

“हा त्रास कधीपासून आहे?”

माझं तोंड उघडलं होतं. शैलाने साडीचा पदर खांद्यावर नीट केला. माझ्याकडे न बघता टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

“कालच लक्षात आलं, डॉक्टर,” ती म्हणाली. “आधी काही नव्हतं.”

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. नंतर जितके कागद झाले, त्या सगळ्यांवर तेच उतरत गेलं. तिने तो सिनेमा बसून, चार चार ओळी करत पूर्ण केला. त्यानंतर वर्ष आणि आठ महिने ती होती. माझ्यावर एकदाही चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिला जाऊन पाच वर्षं झाली. परवा कपाट आवरताना तिच्या तपासण्यांची फाइल निघाली. वरच्याच कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात त्रास सुरू झाल्याची तारीख आहे, मार्चमधली.

ती चुकीची आहे. गणपतीपासून होतं. मला ऐकू येत होतं.